नळाचं पाणी प्यायचं कसं: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

खालचं सगळं सोलापुरातल्या नळाच्या पाण्याबद्दल आहे, म्हणजे जे कुठं तीन दिवसाआड, कुठं चार, कुठं पाच दिवसाआड सुटतं, हौदात पडतं, तिथनं मोटरीनं वरच्या टाकीत जातं आणि मग कुठं किचनच्या नळाला येतं. मशीन कुठलं घ्यावं हा प्रश्न मुद्दाम बराच खाली ढकललाय, कारण आपल्याकडं पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचायच्या लई आधी.

आपल्या नळाला पाणी येतं तरी कुठनं?

तीन ठिकाणांहून. एक उजनी धरण, तिथनं शंभरेक किलोमीटर पाइपमधनं येतं. दुसरं टाकळीला भीमा नदीतनं उचलतात, ते पण उन्हाळ्यात उजनीतनं नदीत सोडलेलंच असतं. तिसरा ब्रिटिशांच्या काळातला हिप्परगा म्हणजे एकरुख तलाव. शुद्धीकरण पाकणी, सोरेगाव आणि भवानी पेठेत होतं. तुरटी टाकून गाळ खाली बसवायचा, वाळूच्या थरातनं गाळायचं, मग क्लोरीन मारायचा, पद्धत सगळीकडं साधारण हीच.

उजनीचं एक दुखणं वेगळं आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, भीमेतनं खाली उजनीत येतं, त्यातल्या खतासारख्या घटकांवर शेवाळ पोसतं आणि उन्हाळ्यात धरण कमी झालं की पाणी हिरवं दिसायला लागतं. एप्रिल-मेमध्ये नळाच्या पाण्याला मातकट, कुबट वास येतो तो बऱ्याचदा या शेवाळाचा असतो. तो उकळून पूर्ण जात नाही, कार्बनचा फिल्टर असेल तर बराच जातो.

तिथं शुद्ध करतात ना, मग घरी परत कशाला?

कारण केंद्रातनं निघालेलं पाणी आणि तुमच्या हौदात पडलेलं पाणी एकच असेल असं नाही. जिथं चोवीस तास पाणी असतं तिथं पाइप कायम भरलेला आणि दाबाखाली असतो, कुठं भोक पडलं तर पाणी बाहेर येतं, बाहेरचं आत जात नाही. आपल्याकडं चावीवाल्यानं चावी बंद केली की पाइप रिकामा होतो आणि मधले तीन-चार दिवस त्याच्या प्रत्येक ढिल्या जोडातनं, गंजलेल्या भोकातनं आजूबाजूचं जे काय ओलं असेल ते आत झिरपायला मोकळं. जुन्या पेठांमधनं नीट बघत चाला, नळाची कनेक्शनं गटारीतनं गेलेली दिसतील, एकदम उघडी. पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक ठेवतात तो यासाठीच, घरच्या नळाला लिटरमागं कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम तरी असावा असं भारतीय मानक सांगतं. पण घाण जास्त शिरली की तो वाटेतच संपतो. समांतर जलवाहिनीनं, म्हणजे उजनीतनं टाकलेल्या दुसऱ्या पाइपलाइननं, धरणातनं येणारं पाणी वाढतं, ठीक आहे, पण गल्लीतला पाइप तोच जुना असला तर हा प्रश्न तिथंच राहतो.

पाणी सुटल्या सुटल्या भरायला घ्यावं का?

नाही. पहिलं पाणी सगळ्यात घाण असतं, पाइपमध्ये साचलेलं, झिरपलेलं, गंज, सगळं तेच पुढं ढकलत येतं. पहिली पाच-दहा मिनिटं वेगळ्या बादल्यांत धरा, संडासाला, फरशीला, गाडी धुवायला वापरा. पाणी कमी येतं म्हणून पहिल्या थेंबापासनं हौदात सोडायचं ही सवय समजण्यासारखी आहे, पण त्या दोन बादल्यांपायी हजार लिटर खराब होतं. हौदाच्या पाइपला एक साधी चावी बसवून घ्या आणि आधी बाहेरच्या नळाला बघून मग हौद चालू करा.

नळाला डायरेक्ट मोटर लावली तर काय बिघडतं, सगळेच लावतात की ओ

सगळेच लावतात म्हणून तर बिघडतं. बेकायदेशीर आहे, शेजाऱ्याचं पाणी कमी होतं, हे सगळं माहीतच आहे तुम्हाला. पण स्वतःचा तोटा कुणी बघत नाही. मोटर पाइपमधनं पाणी ओढते तेव्हा पाइपमधला दाब उलटा होतो आणि जोडातनं, भोकातनं गटारीचं पाणी आत ओढलं जातं, स्ट्रॉला चीर पडली की रसाबरोबर हवा पण येते ना, तसं. फरक एवढाच की इथं हवा नाही येत. मोटर लावायचीच तर हौद ते वरची टाकी एवढ्यातच, मेन लाइनवर नको.

नळाच्या तोंडाला फडकं बांधतो, चालतं का?

चालतं, पण रोज धुतलं तर. महिनाभर तेच ओलं काळपट फडकं नळाला लटकतंय, ते पाणी गाळत नाही, त्यात घाण घालतं. मऊ जुनं सुती कापड चार पदरी करून गाळा, नंतर धुऊन कडक उन्हात वाळवा. जुनं कापड का, तर धुऊन धुऊन धागे फुगलेले असतात आणि भोकं बारीक होतात. बांगलादेशात जुन्या साडीच्या घड्यांतनं पाणी गाळून कॉलरा निम्म्यावर आल्याचा अभ्यास २००३ मध्ये आला होता. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना नारू, म्हणजे पाण्यातनं होणारा जंताचा रोग, आठवत असेल, तो पण गाळून पिण्यानं टळायचा आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला त्यात या फडक्याचा वाटा मोठा. पण फडक्यातनं बॅक्टेरिया आणि व्हायरस बरेचसे निसटतात, म्हणजे गाळणं ही पहिली पायरी, शेवटची नाही.

पाणी गढूळ आलंय, तुरटी फिरवली की झालं ना?

तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. गाळाबरोबर थोडे खाली जातात एवढंच. तुरटीचा खडा हंड्यात चार-पाच वेळा फिरवा, जास्त नको नाहीतर पाणी तुरट लागतं, तासभर हलवू नका, वरचं नितळ पाणी हळूच ओतून घ्या. मग ते उकळा नाहीतर क्लोरीन टाका. उलटं करू नका, गढूळ पाण्यात क्लोरीन टाकला तर तो चिखलावरच खर्च होतो.

उकळायचं म्हणजे किती वेळ? वीस मिनिटं म्हणतात

वीस मिनिटं म्हणजे गॅसची नासाडी. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट, बास. सोलापूर काही हिमालयात नाही, उंचीमुळं जास्त उकळायची इथं गरज नाही. कोमट केलेलं पाणी, किंवा गीझरचं गरम पाणी, म्हणजे उकळलेलं नाही हे मात्र लक्षात ठेवा. आणि उकळलेलं पाणी ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकून गार करा. परत त्याच न धुतलेल्या कळशीत ओतलं, वरनं हात घालून पेल्यानं काढलं, की केलेलं सगळं पाण्यात. तोटीचा माठ किंवा लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. दहा वेळा फिल्टर बदलणाऱ्या घरात पण पेला बोटांसकट माठात बुडवतात, मी बघितलंय.

अजून एक, पिण्याचं उकळतात आणि ताक, लिंबू सरबत, कोशिंबिरीची काकडी-टोमॅटो धुवायला, लहान मुलांना चूळ भरायला सरळ टाकीचं. पोटात तेच जातंय की.

मेडिक्लोर किती टाकायचं? आणि टीसीएल?

मेडिक्लोर म्हणजे पाण्यात टाकायचे क्लोरीनचे थेंब. बाटलीवर लिहिलेलं असतं ते वाचा, कारण प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं असतं, शेजारीण म्हणाली दोन थेंब म्हणून दोन थेंब टाकू नका. टाकल्यावर हलवायचं आणि अर्धा तास थांबायचं, हा अर्धा तास लोक विसरतात. गोळ्या मिळतात त्यांचं पण असंच, वीस लिटरची गोळी घागरीत टाकायची नाही.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, मोठ्या टाकीसाठी स्वस्त आणि मस्त. स्वच्छ दिसणाऱ्या १००० लिटर पाण्याला चांगल्या टीसीएलचं अडीच ग्रॅम, चहाचा अर्धा चमचा किंवा किंचित वर. थेट टाकीत टाकायचं नाही, मगभर पाण्यात कालवा, पांढरा चुना खाली बसू द्या, वरचं पाणी तेवढं टाकीत ओता आणि तासभर थांबा. पावडर उघडी ठेवली, ओलावा लागला, जुनी झाली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. वास आला नाही तर तो नुसता चुना समजा.

क्लोरीनचा वास येतो, पोरं पाणी पीत नाहीत

हलका वास म्हणजे पाणी राखलेलं आहे, तो चांगला. नको वाटत असेल तर प्यायच्या आधी थोडं पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात फडक्यानं झाकून ठेवा, बराच कमी होतो. डोळे चुरचुरतील इतका उग्र असेल तर मात्र डोस चुकलाय, ते पाणी पिऊ नका.

हौद आणि टाकी किती दिवसांनी धुवायची, आणि कशी?

तीन महिन्यांनी तरी. पावसाळ्याच्या आधी एकदा नक्की. आपल्याकडं फ्लॅटमध्ये वरची टाकी सोसायटी धुते आणि खालचा हौद कोणाचाच नसतो, तो वर्षानुवर्षं तसाच. आधी हौद बघा. झाकण रस्त्याच्या पातळीला आहे का, पावसाचं पाणी आत जातं का, ड्रेनेजचं चेंबर किती जवळ आहे. हौदाचं झाकण अंगणापेक्षा चार बोटं तरी वर पाहिजे आणि चेंबर शेजारी असेल तर एकदा हौदाच्या आतल्या भिंती नीट बघून घ्या, ओल, डाग, चीर.

धुवायचा मुहूर्त पाणी यायच्या आदल्या दिवशीचा, तेव्हा हौद तसाही तळाला गेलेला असतो. उरलेलं पाणी बादल्यांत काढा, तळाचा गाळ आधी उपसा, मग खराट्यानं भिंती घासा. पुस्तकातली पद्धत अशी की टाकी भरून १००० लिटरला दीडशे ग्रॅम टीसीएल टाकायचं आणि काही तासांनी सगळं सोडून द्यायचं, आता सोलापुरात हजार लिटर पाणी सोडून द्या म्हणणाऱ्याला लोक काय म्हणतील. त्यापेक्षा बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे टीसीएल कालवा, हातमोजे घालून त्या पाण्यानं भिंती आणि तळ पुसून काढा, अर्धा तास तसंच ठेवा, मग दोनदा खळबळून टाका.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. खोल हौदात एकट्यानं उतरू नका, आधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा आणि वर एक माणूस उभा असू द्या. आणि टीसीएलबरोबर संडास धुवायचं अॅसिड कधीच, थोडं पण, मिसळायचं नाही. त्यातनं विषारी क्लोरीन गॅस निघतो आणि बंद हौदात माणूस बाहेर यायच्या आत पडतो.

चार दिवसांचं पाणी शिळं होतं का? आमच्याकडं नवीन पाणी आलं की जुनं ओतून देतात

हे बंद करा बुवा. झाकलेलं, हात न घातलेलं पाणी चार-पाच दिवसांत नासत नाही, त्यातला क्लोरीन तेवढा उडतो, म्हणून पिण्याचं आहे ते उकळून किंवा थेंब टाकून घ्या आणि बाकीचं खुशाल वापरा. दुष्काळाच्या जिल्ह्यात शिळं म्हणून घागरी गटारीत ओतणं मला तरी बघवत नाही.

बॅरल, रांजण, सिमेंटच्या टाक्या रिकाम्या मात्र करायच्या, पण वेगळ्या कारणासाठी. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. आठवड्यातनं एक दिवस कोरडा पाळायचा तो यामुळं. नुसतं रिकामं करून भागत नाही, अंडी पाण्याच्या रेषेला भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, म्हणून घासायचं. ते पाणी झाडांना घाला.

महापालिकेची माणसं बॅरलमध्ये अबेट टाकून गेली, ते पाणी वापरायचं का?

वापरायचं. डासांच्या अळ्या मारायचं औषध आहे, जागतिक आरोग्य संघटना लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत पिण्याच्या पाण्याच्या भांड्यात पण चालतं म्हणते. तरी पिण्याचा हंडा झाकलेला असेल तर त्यात टाकायची गरजच नाही, तसं त्यांना सांगा. त्यांच्या मागोमाग लगेच सगळं ओतून देणं म्हणजे दोघांची मेहनत वाया.

पाणी एकदम स्वच्छ दिसतंय, वास पण नाही, तरी उकळायचं?

हो. जुलाब, टायफॉइड, कावीळ यांचे जंतू डोळ्याला दिसत नाहीत आणि त्यांना वास नसतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसची साथ आली, हातपाय लुळे पडणारा आजार, तेव्हा संशय विहिरीच्या पाण्यावर आला होता. काही पेशंटमध्ये कॅम्पिलोबॅक्टर सापडला, हा जंतू साध्या उकळीनं मरतो.

बोअरचं पाणी प्यावं का?

आपल्याखाली सगळा काळा पाषाण, त्यामुळं बहुतेक बोअरचं पाणी जड. साबणाला फेस नाही, डाळ शिजत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर, नळाच्या तोंडाला पण तोच. उकळल्यावर भांड्यात पांढरं साचतं ते हेच क्षार. जडपणानं लगेच आजार होत नाही, घरातल्या वस्तूंची वाट लागते एवढंच. कॉइलचा थर लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवला की सुटतो.

बोअरचा खरा धोका वेगळा, नायट्रेट. शोषखड्डे, संडासाच्या टाक्या, शेतातलं खत यातनं ते खाली उतरतं, त्याला चव नसते आणि उकळून कमी होत नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला असं पाणी देऊ नये, रक्तातला ऑक्सिजन कमी पडून बाळ निळं पडू शकतं. म्हणून बोअरचं पाणी प्यायचं असेल तर एकदा लॅबमध्ये दाखवाच. आणि नळाच्या आणि बोअरच्या पाण्याचा हौद एकच असेल तर तो बोअरचाच समजायचा.

शेवटी मशीन घ्यायचं की नाही? आरओ, यूव्ही, काय?

आधी तुमचं पाणी कसलं आहे ते बघा. नळाचं पाणी, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार ५०० च्या आत, तर क्षार काढणाऱ्या आरओची गरज नाही, यूव्ही म्हणजे अतिनील दिव्याचं किंवा यूएफ म्हणजे बारीक जाळीचं मशीन पुरतं. बोअर, टीडीएस हजाराच्या घरात, नायट्रेट जास्त, तर आरओ घ्या. दुकानदार सगळ्यांना आरओच दाखवतो कारण त्यात त्याला वर्षाला सर्व्हिस मिळते. बऱ्याच साध्या आरओत एक लिटर पाण्यामागं तीन लिटर बाहेर जातं, चार दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे परवडतं का ते तुम्हीच ठरवा. घेतलाच असेल तर त्या बाहेर जाणाऱ्या पाइपखाली बादली ठेवा, फरशीला आणि संडासाला वापरा, कुंड्यांना रोज नको, क्षार साठतात.

यूव्हीचा दिवा गढूळ पाण्यात काम करत नाही, आणि लाइट गेली की बंद. दिवा पेटलेला दिसतोय म्हणजे चालू आहे असं नाही, वर्षभरात त्याचा जोर कमी होतो, बदलावा लागतो. कँडलवाला स्टीलचा फिल्टर अजूनही वाईट नाही, गाळ आणि बरेच बॅक्टेरिया अडवतो, व्हायरस नाही. कँडल ब्रशनं घासा, साबण लावू नका. कुठलंही मशीन घ्या, त्याच्या टाकीतल्या पाण्यात क्लोरीन राहत नाही, म्हणून गावाला जाऊन आलात तर ते आधीचं पाणी सोडून द्या.

टीडीएस मीटरवर १२० आलं, म्हणजे पाणी शुद्ध ना?

नाही. ते मीटर क्षार मोजतं, जंतू मोजत नाही. गटारीचं पाणी थोडंसं मिसळलं तरी आकडा फारसा हलणार नाही.

जारचं पाणी बरं पडतं की

सीलबंद पाण्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस १४५४३ हा नंबर आहे का ते बघा. गल्लीत टेम्पोवर येणाऱ्या थंड जारवर बहुतेक वेळा काहीच नसतं, बोअरचं पाणी आरओ करून थंड केलेलं, झाकण हातानं उघडतं. थंड म्हणजे शुद्ध नव्हे. लग्नकार्यात तर जार कुठं भरला हे विचारायची पण सोय नसते. घ्यायचाच तर भरतात ती जागा एकदा जाऊन बघा.

तांब्याच्या भांड्यात ठेवलं की जंतू मरतात म्हणे

रात्रभर ठेवलं तर बरेच मरतात, हे प्रयोगात दिसलंय. पण भांडं आतनं घासलेलं पाहिजे आणि पाणी मुळात स्वच्छ. त्यात ताक-सरबत ठेवू नका. साथ चालू असताना नुसत्या तांब्यावर विसंबू नका.

गॅस संपला, लाइट नाही, काय करू?

ऊन तर आहे ना, त्याची सोलापुरात कमी नाही. पारदर्शक प्लॅस्टिकची पाण्याची स्वच्छ बाटली घ्या, दोन लिटरपेक्षा मोठी नको, त्यात नितळ पाणी भरा आणि गच्चीवर पत्र्यावर आडवी ठेवून द्या. कडक उन्हात सहा तास, ढगाळ असेल तर दोन दिवस. उन्हातल्या अतिनील किरणांनी जंतू मरतात. रंगीत बाटली चालत नाही.

घरात कोणाला जुलाब लागले तर?

एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे थोडं थोडं पाजत राहा. ओआरएसचं पाकीट मिळालं तर तेच बरं. लहान मूल सुस्त पडलं, लघवी कमी झाली, रक्त पडलं तर दवाखाना. गरोदर बाईला कावीळ झाली तर तर अजिबात थांबू नका, पाण्यातनं येणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदरपणात फार घातक असते.

पाणी तपासून कुठं मिळतं?

जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत चौकशी करा. जंतू तपासायचे असतील तर बाटली त्यांच्याकडनंच आणा, ती निर्जंतुक असते आणि आत पाण्यातला क्लोरीन निकामी करायचं औषध असतं, म्हणून ती विसळायची नाही. भरल्यावर बर्फात घालून त्याच दिवशी पोचवा. घरच्या घरी दोन गोष्टी जमतात. ओटी टेस्ट, थेंब टाकल्यावर पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. आणि जंतू आहेत का बघायची एच-टू-एसची बाटली, पाणी भरून एक-दोन दिवस ठेवली आणि काळी पडली तर ते पाणी न उकळता पिऊ नका.

आज नळाला गटारीचा वास येतोय, आत्ता काय करू?

पहिलं, हौदाची चावी बंद करा, आधीचं चांगलं पाणी आत असेल तर ते तरी वाचेल. शेजारच्या दोन-तीन घरी विचारा. फक्त तुमच्याकडंच असेल तर दोष तुमच्या कनेक्शनमध्ये, प्लंबर बोलवा आणि गटारीतनं गेलेला पाइप वरनं घ्या. सगळ्या गल्लीत असेल तर पाणी चालू असतानाच व्हिडिओ काढा, पारदर्शक बाटलीत नमुना भरून ठेवा, महापालिकेच्या झोन ऑफिसला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी माणूस येतो तेव्हा नळ कोरडा असतो आणि तो म्हणतो कुठं आहे वास. तोवर चावीवाल्याला पण सांगून ठेवा, गल्लीत कुठला पाइप कुठनं गेलाय आणि गळती कुठं आहे हे त्याला ऑफिसातल्या नकाशापेक्षा जास्त माहीत असतं.